निरोष्ठ रामायण ते रेखांकित रामायण : रूपांतराच्या नियमांचा एक विचार

'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' (१९९२) हा जपानी व भारतीय कलावंतांच्या सहयोगातून सिद्ध झालेला सचेतनपट. त्याच्या इतिहासाची सुरुवात एका गैरसमजाने झाली. १९८३ साली युगो साको हे जपानी माहितीपटकार ब्रजवासी लाल यांच्या उत्खननांवर 'द रामायण रेलिक्स' हा माहितीपट तयार करीत होते. वृत्तपत्रातील एका बातमीमुळे असा समज पसरला की कोणी परदेशी माणूस रामायणावरच चित्रपट काढतो आहे. रामायण हा भारताचा राष्ट्रीय वारसा असून परकीयाला त्याचे मनमानी चित्रपटीकरण करता येणार नाही, अशा आशयाचा निषेध विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी वकिलातीकडे नोंदविला. पुढे साको यांनी रामायणाच्या जपानीत उपलब्ध असलेल्या दहा आवृत्त्या वाचल्या आणि खरोखरच चित्रपट काढण्याचे ठरविले. परिषदेशी बोलून त्यांनी हा आक्षेप दूर केला. मात्र सहनिर्मितीच्या प्रस्तावाला भारत सरकारची संमती मिळाली नाही. विषय अत्यंत संवेदनशील असून तो 'कार्टून'च्या रूपात मांडता येण्याजोगा नाही, अशी शासनाची भूमिका होती.

हे दोन आक्षेप नेहमी एकत्र सांगितले जातात. त्यांचे स्वरूप मात्र सर्वस्वी भिन्न आहे. पहिला आक्षेप अधिकाराचा आहे: कथा कोणी सांगावी? दुसरा रूपबंधाचा आहे: कथा कशात सांगावी? पहिल्याविषयी पुष्कळ बोलले गेले. रामकथा बौद्ध ग्रंथांच्या वाटेने जपानात केव्हाच पोहोचली होती आणि बाराव्या शतकातील 'होबुत्सुशू' या जपानी कथासंग्रहात तिचे एक रूप आढळते, एवढी नोंद केली तरी 'परकीय' या शब्दाची धार पुष्कळशी बोथट होते. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटावा तो दुसरा आक्षेप. तो एका रूपबंधाची प्रतिष्ठाच नाकारतो, आणि ही नाकारणी आपल्या भाषेतही मुरलेली आहे. 'कार्टून'साठी मराठीने जो शब्द स्वीकारला तो 'व्यंगचित्र'. व्यंग म्हणजे उणीव, वैगुण्य. जे चित्र व्यंगावर उभे आहे त्यात मर्यादापुरुषोत्तमाला कसे बसवावे, हा प्रश्न शब्दाच्या उत्पत्तीतच दडलेला आहे. १९३०च्या दशकात प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा सचेतन लघुपट काढला तेव्हा त्याचा नायक कोल्हा होता, हे या दृष्टीने सूचक मानता येईल. हलत्या रेषेच्या वाट्याला पशू आले, बालके आली, हास्य आले. पुराण आले नाही.

तथापि रामकथेला कोणता रूपबंध शोभतो आणि कोणता शोभत नाही, याची सीमा परंपरेने खरोखर आखली होती काय? ए. के. रामानुजन यांच्या तीनशे रामायणांविषयीच्या सुप्रसिद्ध निबंधाने (१९९१) या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. रामकथेला एक मूळ आणि बाकीच्या तिच्या आवृत्त्या अशी रचना नसून प्रत्येक कथन हे स्वतंत्र कथन असते, असे ते उत्तर. परंतु रामानुजनांची उदाहरणे प्रदेशाप्रदेशांतील, धर्माधर्मांतील, भाषाभाषांतील भेदांची आहेत. वाल्मीकी आणि कंबन, जैन आणि थाई, असे ते अंतर आहे. एकाच माणसाने, एकाच गावी बसून, एकाच भाषेत शंभरावर रामायणे रचली तर त्या भेदांना काय म्हणावे, हा प्रश्न त्या निबंधाच्या कक्षेत येत नाही. मराठीत मात्र तो टाळता येत नाही, कारण मराठीत बारामती आहे.

मोरोपंत रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा; केशव व गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस आले आणि कऱ्हेकाठच्या या गावी पुराणिक म्हणून अखेरपर्यंत राहिले. बाबूजी नाईक हे काही सामान्य आश्रयदाते नव्हते. सावकारी आणि सरदारकी एकत्र नांदणारे हे घराणे पेशव्यांच्या सोयरिकीतले होते, आणि थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपद बाबूजींना मिळावे म्हणून रघूजी भोसल्यांनी खटपट केली होती. ती फसली. पेशवाई पुण्यातच राहिली, आणि बारामतीच्या वाट्याला 'आर्याभारत' आले. मराठी कवितेच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा झाला, असे कोणी म्हणणार नाही.

मोरोपंतांच्या नावावर अष्टोत्तरशत, म्हणजे एकशे आठ रामायणे सांगितली जातात. ही संख्या जपमाळेच्या मण्यांची आहे. रचनेमागील वृत्ती केवळ पांडित्यप्रदर्शनाची नव्हे तर जपाचीही आहे, हे तीवरून ध्यानात यावे. काही रामायणे वृत्तांच्या नावांनी ओळखली जातात, तर काही त्यांत पाळलेल्या नियमांच्या नावांनी. कथा तीच, बदलतो तो नियम. 'मंत्ररामायणा'त त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे रचनेत गुंफलेली असतात. याच्या नेमके उलट टोक म्हणजे 'निरोष्ठ रामायण', ज्याचे पठन ओठ न मिटता व्हावे अशी रचना. ओष्ठ्य वर्णांचा त्याग ही कल्पना मोरोपंतांची नव्हे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकीकत अशीच ओष्ठ्य वर्ण वगळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखावलेले असतात. संस्कृतातील या शृंगारिक युक्तीला मोरोपंतांनी भक्तिकाव्यात आणले आणि तिचा अर्थच पालटला.

तो कसा, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे. प-वर्ग वर्ज्य केला की म वर्ज्य होतो, आणि म वर्ज्य झाला की 'राम' हे नावच उच्चारता येत नाही. लक्ष्मण जातो, भरत जातो, मारुती जातो. बिभीषण आणि कुंभकर्णही जातात. उरतात सीता, जानकी, दशरथ, कैकेयी. ज्या काव्याचे प्रयोजन रामनामाचा उच्चार हेच आहे, त्यात ते नाव येऊ द्यायचे नाही, अशी ही अट आहे. नायकाकडे मग कुळाने, नात्याने, कृतीने, विशेषणाने जावे लागते. कथा जाणणाऱ्या श्रोत्याच्या मनात मात्र तेच वगळलेले नाव क्षणोक्षणी उमटत राहते. मंत्ररामायणात नाम रचनेत पेरलेले आहे, निरोष्ठात ते कोठेच नाही. तरीही दोन्ही रामायणेच आहेत. किंबहुना एकमेकांशेजारी ठेवली की ती एकमेकांचा अर्थ उलगडतात. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक याने १९६९ साली इ या स्वराचा एकही वापर न करता कादंबरी लिहिली तेव्हा युरोपीय समीक्षेने तिच्याकडे प्रयोगशीलतेचा नमुना म्हणून पाहिले, आणि त्या अक्षराच्या अनुपस्थितीत लेखकाच्या जीवनातील हानी वाचली. आपल्या समीक्षेने मात्र मोरोपंतांच्या याच वृत्तीला बराच काळ 'कृत्रिम' या एका शब्दात निकालात काढले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची बाजू मांडली खरी. परंतु केशवसुतोत्तर काळात भावनेचा उत्स्फूर्त आविष्कार हाच काव्याचा निकष ठरल्यावर यमक, अनुप्रास आणि वर्णबंधने ही सारी प्रतिभेच्या अभावाची लक्षणे मानली गेली. संतांची वाणी सहज आणि पंडितांची घडवलेली, ही विभागणी शालेय इतिहासातही रुजली. तुकोबांची पालखी पंढरपुरास जाताना बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांतून जाते. त्याच बारामतीच्या मोरोपंतांनी 'सन्मणिमाले'त संतांना वंदन केले आहे. दोन परंपरांमधील भिंत समीक्षकांना दिसते तेवढी उंच गावातून दिसत नसावी.

मोरोपंतांच्या या रामायणांतून रूपांतराविषयी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. रूपांतराचे मोल मूळ कथेशी असलेल्या निष्ठेवर ठरविण्याची आपली सवय आहे. कादंबरीवरून चित्रपट आला की 'पुस्तकात होते ते आले का?' हा पहिला प्रश्न. मोरोपंतांच्या बाबतीत तो निरर्थक ठरतो, कारण एकशे आठही ठिकाणी कथा तीच आहे. तेथे विचारावयाचे ते असे: रूपांतरकाराने कोणता नियम स्वतःवर लादून घेतला, त्या नियमामुळे काय सांगणे अशक्य झाले, आणि त्या अशक्यतेतून जे नवे सांगावे लागले त्याने कथेत काय भर घातली? या प्रश्नांना एक पूर्वअट आहे, ती म्हणजे कथा आधीच ठाऊक असलेला श्रोता. कथा न जाणणाऱ्याला 'निरोष्ठ'मधील रिकामी जागा दिसणारच नाही. पुराणिकासमोर बसलेल्या मंडळींना ती दिसत होती, कीर्तनात आर्या ऐकणाऱ्यांनाही दिसत होती.

छापील पानावरून रंगभूमीकडे आणि पुढे पडद्याकडे वळले की नियम आणखी कठीण होतो, कारण तेथे देह येतो. शब्दात राम हा नाम आणि विशेषणे यांचा समुच्चय असतो. दृश्यात त्याला कोणाचे तरी नाक-डोळे घ्यावे लागतात. मराठी दृश्यकलांनी ही अडचण ज्या रीतींनी सोडविली त्यांत एक सूत्र दिसते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले तेव्हा आख्यानाची पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्यांना अनुसरून हावभाव व भाषण करीत. कथेचा आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा. हीच विभागणी सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत अधिक शुद्ध रूपात दिसते. चित्रांची पोथी एकेका चित्राने पुढे सरकते. चित्र निश्चल असते आणि चालते ती कथेकऱ्याची वाणी. तेथील रामाला नटाचा देहच नाही, त्याला रेषा आहे. या परंपरेचे जतन करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वृत्तपत्रांनी चित्रकथीचे वर्णन लोककला म्हणून केले आणि ते योग्यच आहे. परंतु चित्र आणि आवाज वेगवेगळे घडवून पुन्हा एकत्र जोडावयाचे ही सचेतनपटाची मूळ प्रक्रिया, आणि तिचा देशी पूर्वज म्हणून पिंगुळीकडे पाहण्यास काही हरकत नसावी.

चित्रपटाने देहाचा प्रश्न तीव्र केला. दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. स्त्रिया उपलब्ध नव्हत्या, हे त्याचे व्यावहारिक कारण. परंतु त्या मूकपटाच्या प्रेक्षकाला विरहाच्या दोन्ही टोकांना एकच चेहरा दिसला असला पाहिजे, आणि त्याने तो स्वीकारला. याचा अर्थ असा की तोवर नटाचा चेहरा रामाचा 'मालक' झालेला नव्हता. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या माडगूळकर-फडके यांच्या 'गीतरामायणा'ने देह पूर्णपणे वगळला. छप्पन्न गीतांत केवळ आवाज होते. आठवड्याला एक गीत हा त्या माध्यमाचा नियम, आणि त्या नियमाने कथेला भावगीताच्या एककांत तोडले. १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची मालिका सुरू झाली तेव्हा मात्र तोल दुसऱ्या बाजूला पूर्णपणे कलला. अरुण गोविल यांचा चेहरा म्हणजे रामाचा चेहरा, असे समीकरण दीड वर्षात देशभर रुजले. लोक त्या नटाच्या पाया पडू लागले. अभिनेत्याच्या खाजगी देहावर पौराणिक अर्थाचा इतका भार पूर्वी क्वचितच पडला असेल.

साको यांचा निर्णय या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. राम हा देव आहे आणि जिवंत नटाच्या द्वारा त्याला पूर्ण न्याय देता येणार नाही, म्हणून सचेतनपट; अशी त्यांची भूमिका होती. शासनाला जो रूपबंध पवित्रतेला बाधक वाटला, तोच चित्रपटकाराला पवित्रतेचे रक्षण करणारा वाटत होता. दोघांच्या मनातील 'चित्र' या संकल्पनेत एवढे अंतर होते.

या भूमिकेचे वेगळेपण समकालीन पाश्चात्त्य उदाहरणाशी तुलना केल्याने अधिक स्पष्ट होईल. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) या अद्भुत कादंबरीवर राल्फ बाक्शी याने १९७८ साली सचेतनपट काढला. नटांकडून प्रसंग करवून घेऊन त्यांचे चित्रीकरण करावयाचे आणि त्या चित्रफितीवरून आकृत्या गिरवावयाच्या, हे तंत्र त्याने मोठ्या प्रमाणावर वापरले. परिणामी त्याच्या रेषेला सतत छायाचित्राचे ओझे वाहावे लागते. काही युद्धप्रसंगांत तर रंगविलेल्या आकृतीच्या आड हाडामांसाचा नट स्पष्ट जाणवतो. कादंबरीच्या मध्यावर चित्रपट संपतो आणि दुसरा भाग निघालाच नाही. त्यामुळे त्याची चर्चा बहुधा अपूर्णतेपुरती मर्यादित राहिली. प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची गोष्ट ही की बाक्शीला अद्भुताची खात्री पटविण्यासाठी देहाची साक्ष हवी होती. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी टोल्किनच्याच 'द हॉबिट'चे सचेतन रूप आले होते. त्याची चित्रे तोक्योतील टॉपक्राफ्ट या कलागृहात काढली गेली. पुढे याच कलागृहाने हायाओ मियाझाकी यांचा 'नाउशिका' (१९८४) सिद्ध केला. दुसऱ्यांची अद्भुत कथा आपल्या रेषेत उतरविण्याचा सराव जपानी चित्रकारांना होता. साको रामकथा घेऊन गेले ते अशा कारागिरीच्या दारात.

चित्रपटाचे दिग्दर्शन साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांचे. राम मोहन यांची जडणघडण मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील. १९५६ साली ते तेथील कार्टून विभागात आले, आणि डिस्नेच्या कलागृहात काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले. सुमारे साडेचारशे कलावंतांनी हाताने काढलेल्या सुमारे एक लाख चित्रांतून हा १३५ मिनिटांचा चित्रपट उभा राहिला. धोतर कसे नेसतात, आशीर्वाद देताना हात कसा असतो, वडीलधाऱ्यांसमोर कसे बसतात, हे तपशील भारतीय सहकाऱ्यांनी जपानी चित्रकारांना समजावून दिले. हे वरवर किरकोळ वाटते. परंतु सचेतनपटात काहीही आपोआप येत नाही. नट धोतर नेसून उभा राहिला की चुण्या पडतात. चित्रात प्रत्येक चुणी कोणीतरी ठरवून काढावी लागते. संस्कृतीचे जे अंग आपण सवयीने धारण करतो ते सारे येथे जाणीवपूर्वक निवडावे लागते. छंदोबद्ध कवीची प्रत्येक मात्रा मोजलेली असते तसे हे आहे. मोरोपंतांची प्रसिद्ध 'आर्या' ही शास्त्रदृष्ट्या बहुधा गीती असते, बारा आणि अठरा मात्रांच्या दोन समान ओळींची, हे जाणकारांना ठाऊक आहे. जपानी सचेतनपटही असाच हिशेबाने चालतो. सेकंदाला चोवीस चौकटी. पण प्रत्येक चौकटीस नवे चित्र नाही, एकच चित्र दोन-तीन चौकटी टिकवावयाचे, पार्श्वभूमी स्वतंत्र रंगवून स्थिर ठेवावयाची, आणि हालचाल तेथेच खर्चावयाची जेथे तिचा अर्थ आहे. काटकसर हा त्या कलेचा नियम आहे आणि तिच्या सौंदर्याचा उगमही तेथेच आहे.

या नियमाने रामकथेत काय साधले? जे रंगभूमीवर नेहमीच हास्यास्पद होण्याच्या बेतात असते, ते येथे सहज झाले. कुंभकर्णाचा आकार, मारुतीचे पर्वत उचलून आणणे, लंकेचे दहन, पुष्पक विमान: रेषेला आकारमानाचे वजन नसते, त्यामुळे अद्भुत आणि वास्तव एकाच द्रव्याचे बनतात. सागर यांच्या मालिकेत राम हाडामांसाचा आणि अस्त्रे प्रयोगशाळेतील ठिणग्यांची, अशी जी फट राहते ती येथे नाही. राम आणि त्याचा बाण एकाच रेषेने काढलेले आहेत. रामाला नट नाही, म्हणून त्याला गतायुष्य नाही, दुसरी भूमिका नाही, मुलाखती नाहीत. 'निरोष्ठा'त नाव नाही, येथे देह नाही. आणि दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला ती रिकामी जागा स्वतः भरावी लागते.

काय गमावले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चित्रपट अयोध्येच्या परतीपाशी थांबतो. उत्तरकांड नाही, सीतात्याग नाही, लव-कुश नाहीत. आनंदवर्धनाने रामायणाचा अंगी रस करुण मानला, तो सीतेच्या अंतिम वियोगापर्यंतचे रामायण डोळ्यांपुढे ठेवून. तो वियोग वगळला की करुण मागे पडतो आणि वीर व अद्भुत पुढे येतात. भरताने अद्भुताची उत्पत्ती वीरातून सांगितली आहे. चित्रपट त्या मार्गाने जातो आणि तेथेच स्थिरावतो. 'गीतरामायणा'ची चौकट नेमकी याच्या उलट आहे. तेथे लव-कुश प्रत्यक्ष रामासमोर गातात, म्हणजे श्रोत्याला पहिल्याच गीतापासून सीतेचा त्याग झालेला आहे, आणि नंतरचे सारे आनंदाचे प्रसंग त्या जाणिवेच्या छायेत ऐकावयाचे आहेत. माडगूळकरांनी आरंभीच जे ठेवले, ते साको यांच्या चित्रपटात शेवटीही येत नाही.

याचे कारण परकीयत्वात शोधणे चुकीचे ठरेल. रामकथा पट्टाभिषेकापाशी थांबविण्याची प्रथा भारतातही जुनी आहे. खरे कारण प्रेक्षकाच्या स्वरूपात आहे. मोरोपंतांचा श्रोता कथा जाणून बसलेला होता, म्हणून त्यांना अर्धे न सांगण्याचे स्वातंत्र्य होते. साको यांच्यासमोर असाही प्रेक्षक होता ज्याला राम कोण हेच प्रथम सांगावयाचे होते, आणि ज्याचे वय कदाचित दहा वर्षे होते. कथा न जाणणाऱ्या प्रेक्षकासाठी केलेल्या रूपांतराला सूचकतेचा आधार घेता येत नाही. त्याला ती सरळ, पूर्ण आणि शेवट गोड करून सांगावी लागते. जपानी चित्रकारांच्या रेषेत निरोष्ठाची शिस्त आहे. चित्रपटाच्या कथनात मात्र निरोष्ठाचा धीटपणा नाही.

एका ठिकाणी हा धीटपणा क्षणभर दिसतो, आणि तेथे एक मराठी माणूस आहे. मूळ चित्रपटाचे संवाद इंग्रजीत आहेत. गीते मात्र संस्कृतात आहेत. संगीत वनराज भाटिया यांचे आणि शब्द वसंत देव यांचे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'सारखी नाटके हिंदीत नेणारे, 'सारांश'च्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे हेच ते वसंत देव. इंग्रजी बोलणाऱ्या पात्रांच्या जपानी चित्रांवर संस्कृत गीत, ही योजना कागदावर विचित्र वाटते. पडद्यावर तिचा परिणाम वेगळा होतो. गीत सुरू झाले की पात्रे बोलत नाहीत, कथेचा आवाज त्यांच्याबाहेरून येतो, आणि बहुतेक प्रेक्षकांना त्याचा शब्दशः अर्थ लागत नाही. भाव्यांचा सूत्रधार आणि पिंगुळीचा कथेकरी यांची जागा येथे त्या संस्कृत स्वरांनी घेतलेली आहे. भाषांतरात आयुष्य घालविलेल्या लेखकाने येथे काही भाषांतरित न करण्याचा मार्ग पत्करला, ही गोष्ट अभ्यासकांनी अजून नीट पाहिलेली नाही.

चित्रपट भारतात प्रथम दाखविला गेला तो जानेवारी १९९३ मध्ये, दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. बाबरी मशीद पाडली गेली त्याला जेमतेम महिना झाला होता. मुंबई दंगलींनी होरपळत होती. ज्या दिवसांत रामाचे नाव रस्त्यांवर घोषणा म्हणून उच्चारले जात होते, त्या दिवसांत हा देहविरहित, कोणाच्याही मालकीचा नसलेला राम पडद्यावर आला आणि जवळपास कोणाच्या लक्षात न येता निघून गेला. मोठे वितरण त्याला तेव्हा मिळाले नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदी आवृत्ती आली. तिच्यात रामाला आवाज दिला तो अरुण गोविल यांनी, रावणाला अमरीश पुरी यांनी, आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे. या निवडीमागील व्यापारी हिशेब समजण्यासारखा आहे, पण त्याने चित्रपटाच्या मूळ नियमालाच छेद दिला. रेषेने जो चेहरा कष्टाने टाळला होता तो आवाजाच्या वाटेने परत आला. हिंदी आवृत्ती पाहणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला जपानी रामाच्या मागे दूरदर्शनचा राम दिसू लागला. निरोष्ठ रामायणाच्या पाठकाने मध्येच ओठ मिटून 'राम' म्हणून टाकावे, तसे हे झाले.

त्यानंतर चित्रपट दूरचित्रवाणीवरून घराघरांत गेला आणि एका पिढीच्या बालपणाचा भाग झाला. त्या पिढीतील मुलांना कथा ठाऊक होती. आजीकडून, मालिकेतून, शाळेतून. साको यांनी कथा न जाणणाऱ्यांसाठी केलेले रूपांतर अखेर कथा जाणणाऱ्यांपाशी पोहोचले आणि त्यांनीच ते जपले. २४ जानेवारी २०२५ रोजी नव्याने संस्कारित प्रतीसह तो भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. इंग्रजीशिवाय हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांतील आवृत्त्या त्यासाठी सिद्ध केल्या गेल्या. मराठी त्यांत नव्हती; मराठी प्रेक्षकाने तो हिंदीत किंवा इंग्रजीत पाहिला. इंग्रजीत पाहिला असेल तर वसंत देवांच्या संस्कृतासह.